नाताळचा ताळेबंद

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा देवावर विश्वास असो वा नसो, ताळ्यावर असतोच. संध्याकाळी तिजोरीला कुलूप लागण्यापूर्वी जमा आणि खर्च या दोघींची बेरीज एकमेकींना भेटली पाहिजे. ती भेटली नाही, तर आपली आणि घरच्यांची भेट लांबते, हे आम्हां मंडळींच्या अंगात भिनलेलं असतं. आता बेरजा संगणक करतो म्हणा, पण सवय काही सुटत नाही. भाजीवाल्यानं परत दिलेले सुटे पैसे मी अजून दोनदा मोजतो. लग्नाच्या पंगतीत बसलो, की नवरानवरीकडे न बघता पानं किती आणि जिलब्या किती याचा अंदाज घेतो. आमच्या कन्येनं पहिलीत असताना 'माझे बाबा' या विषयावर पाच ओळी लिहिल्या होत्या. त्यांतली तिसरी ओळ 'माझे बाबा मोजतात' अशी होती. काय मोजतात, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

अशा माणसाला नशिबानं सासुरवाडी दिली ती अंधेरीच्या मरोळ गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबाची. आणि त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण कोणता? तर नाताळ! म्हणजे नावातच 'ना ताळ'. जिथं ताळा लागत नाही, तो नाताळ, अशी व्युत्पत्ती मी लग्नानंतर पहिल्याच डिसेंबरात बसवली होती. पण आमच्या सौभाग्यवतींनी ती हाणून पाडली. तिचं म्हणणं, नाताळ हा पोर्तुगीज शब्द आहे आणि त्याचा अर्थ जन्म. हे मात्र खरं आहे. बटाटा, पाव, काजू, अननस, चावी, घमेलं हे सगळे शब्द पोर्तुगीजांच्या गलबतातूनच आपल्याकडे उतरले. त्याच गलबतातून 'पगार'ही उतरला. पगार आणि नाताळ एकाच बंदरात उतरले खरे, पण तेव्हापासून आजवर एकाला दुसरा कधी पुरा पडलेला नाही.

सासुरवाडीच्या या नावाचाही एक घोटाळा आहे. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या माणसांना 'ईस्ट इंडियन' कसं म्हणायचं? साष्टी बेटावरची ही मूळची मराठी माणसं, कोणी कोळी, कोणी कुणबी, कोणी भंडारी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमदानीत ती ख्रिस्ती झाली. पुढं इंग्रज आल्यावर त्यांतली बरीच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरली. मग गोव्याहून आणि मंगळुराहून ख्रिस्ती मंडळी मुंबईत नोकरीसाठी येऊ लागली, तेव्हा 'आम्ही इथले, कंपनीचे जुने' हे सांगायला काही तरी पाटी हवी होती. ती पाटी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, रीतसर संस्था काढून लावण्यात आली. कंपनी गेली, राणी गेली, पाटी राहिली. त्यातल्या त्यात मरोळचा पत्ता 'अंधेरी पूर्व' आहे, तेवढी एक नोंद तरी जुळते.

आमच्या बँकेतले सहकारी मला अजून विचारतात, "तुमच्या सासूबाई मराठी चांगलं बोलतात हो! शिकल्या कुठं?" मी सांगतो, "आमचं घराणं साताऱ्याहून मुलुंडला येऊन साठ वर्षं झाली. मराठीचा प्रश्न विचारायचाच, तर त्यांनी आम्हांला विचारला पाहिजे." येशूच्या जन्माची कथा मराठी ओव्यांत सांगणारं फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राशोलला १६१६ साली छापून झालं. तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून चौदा वर्षं होती. एवढं ऐकल्यावर सहकारी गप्प बसतात आणि मूळ मुद्द्यावर येतात. मूळ मुद्दा म्हणजे, "यंदा डबा किती तारखेला आणणार?"

तर डब्याकडेच वळू.

नाताळचं जेवण पंचवीस डिसेंबरला दुपारी दोनला होतं, पण त्याची बैठक नोव्हेंबरअखेरच्या किंवा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बसते. तिथून नाताळपर्यंतच्या चार रविवारांना चर्चमध्ये आगमनकाळ म्हणतात. कोणाचं आगमन, याबद्दल चर्चमध्ये एकमत आहे. घरात मात्र दर वर्षी नव्यानं यादी करावी लागते. अमक्याच्या मुलाची परीक्षा, तमकीची रजा, दुबईच्या मामाचं तिकीट. ही यादी करण्याचं काम जावई या नात्यानं माझ्याकडे आहे. सासूबाईंच्या मते बँकेत नोकरी करणारा माणूस आकडे चुकवत नाही. या घरात माझी जी पत आहे, ती या एका समजुतीवर उभी असल्यामुळे मी ती जपून आहे.

गेल्या वर्षीची बैठक जरा जड होती. कारण फेब्रुवारीपासून माझी मोठी मेहुणी आणि माझा मेहुणा यांच्यात बोलणं बंद होतं. कारण तुम्ही ओळखलंच असेल. उपनगरांत भावाबहिणींचं बोलणं बंद पडायला हल्ली एकच कारण पुरतं : घर. गावठाणातलं ते कौलारू घर पाडून तिथं इमारत उभी करायला एक बिल्डर तयार होता. मेहुणा म्हणे, सही करू. पावसाळ्यात छप्पर गळतं, आईला जिना चढवत नाही. मेहुणी म्हणे, बाबांनी बांधलेलं घर आहे, माझी सही मिळणार नाही. दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. एकाचं खोटं असतं, तर केव्हाच मिटलं असतं. आमची ही मधली. तिनं दोघांचंही ऐकायचं आणि रात्री मुलुंडला येऊन मला ऐकवायचं, अशी व्यवस्था होती.

बैठकीला मेहुणा लॅपटॉप घेऊन बसला होता. जिथं त्याच्या आजोबांनी भात लावला, तिथल्याच एका काचेच्या इमारतीत तो संगणकाचं काम करतो. मेहुणी बोरिवलीहून आली नव्हती. तिनं फोनवरून आपलं मत आमच्या हिच्याकडे 'पोचतं' केलं होतं. मेहुण्यानं घसा खाकरला आणि प्रस्ताव मांडला : यंदा स्वयंपाक करायचा नाही. जेवण मागवायचं.

"आईचे गुडघे बघा," तो म्हणाला. "सगळं मिळतं आता. सोरपोतेल मिळतं, फुगे मिळतात, केक तर मिळतोच. ताटामागे साडेसातशे. बावीस माणसं. भाऊजी, हिशोब करा."

मी केला. बाहेरून मागवलं तर सोळा हजार पाचशे. घरी केलं तर डुकराचं मटण, बदकं, मैदा, अंडी, काजू, बदाम, नारळ, तेल, गॅस धरून चौदा हजार दोनशे. फरक दोन हजार तीनशेचा. पण मेहुणा हुशार. तो म्हणाला, "आता वेळ मांडा." मग वेळ मांडला. मे महिन्यातला मसाला चोपन्न तास. कुलकुल वीस. सोरपोतेल अकरा. केक बारा. नेवऱ्या, मार्झिपान, दुधाच्या वड्या, पेराद मिळून बावीस. फुगे नऊ. बदक, इंदियाल आणि पुलाव बारा. एकूण एकशे चाळीस तास. दोन हजार तीनशेला एकशे चाळीसनं भागलं आणि मेहुण्यानं टेबलावर हात आपटला.

"सोळा रुपये त्रेचाळीस पैसे! तासाला सोळा रुपये त्रेचाळीस पैशांसाठी माझी आई राबते! एकशे चाळीस तास वाचतील, एकशे चाळीस!"

भागाकार बिनचूक होता. खोलीत कोणाला काही बोलता येईना. सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता मला विचारलं, "जावय, ते वाचवलेलं तास ठेवायचं कुठं? तुमच्या बँकंत?"

मी म्हटलं, "अजून तशी योजना नाही."

"मंग व्याज कोन देनार?" असं म्हणून त्यांनी लसणाची दुसरी गड्डी फोडली. बैठक तिथं संपली. आमच्या बँकेत एवढ्या कमी वेळात ठराव नामंजूर झालेला मी तरी पाहिलेला नाही.

त्यानंतर सासूबाईंनी कामं वाटली. ही वाटणी मी वहीत उतरवून घेत होतो, तेव्हा मला त्यात काही विशेष दिसलं नाही. रात्री लोकलमध्ये परत वाचली, तेव्हा दिसलं. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघांचं एकमेकांशी पटो न पटो, सकाळी दोघांनी शेजारी उभं राहिल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. सासूबाई बँकेची पायरी वर्षातून एकदा, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला चढतात. पण दोन किल्ल्यांचं तत्त्व त्यांना आमच्या व्यवस्थापकांपेक्षा जास्त कळलेलं होतं. मसाल्याच्या बाटल्या मोठ्या मेहुणीकडे बोरिवलीत. सोरपोतेलाचा मोठा टोप मेहुण्याच्या माळ्यावर मरोळला. मसाल्यावाचून टोपाचा उपयोग नाही आणि टोपावाचून मसाल्याचा. कुलकुलांचं पीठ मेहुणीनं मळायचं, तळण मेहुण्यानं काढायचं. फुगे एकानं सोडायचे, दुसऱ्यानं तळायचे. पानभर वाटणीत एकट्यानं करण्याजोगं एकच काम होतं : बाटल्या आणणं. ते माझ्याकडे आलं.

या बाटली मसाल्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण नाताळच्या जेवणाची सुरुवात डिसेंबरात होत नाही, ती मे महिन्यात होते. लाल मिरच्यांचे दोन-तीन प्रकार, धणे, हळद, तीळ, खसखस, गहू, हरभऱ्याची डाळ, दगडफूल, नागकेशर, तिरफळ असे वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा आणि कांडायचा. मग तो मसाला बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत काठीनं ठासून भरायचा. बाटली गडद तपकिरी हवी, म्हणजे उजेड लागत नाही आणि रंग वर्षभर टिकतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते प्रमाण म्हणजे स्विस बँकेतलं खातं. मुलीला सांगतात, सुनेला हळूहळू सांगतात, जावयाला सांगत नाहीत. चोपन्न तासांचा आकडा मी बाहेर बसून घड्याळावर काढलेला आहे.

तर तीन बाटल्या घेऊन मी बोरिवलीहून निघालो. अंधेरीपर्यंत लोकल, पुढं मरोळ नाक्यापर्यंत मेट्रो. मेट्रोच्या दारात पिशवी यंत्रातून सोडावी लागते. पडद्यावर तीन बिअरच्या बाटल्या स्वच्छ उमटल्या. सुरक्षारक्षकानं माझ्याकडे पाहिलं. माझा चष्मा, माझी छत्री, माझं वय. त्याच्या नजरेत राग नव्हता, दुःख होतं.

"काका, हे काय?"

"मसाला आहे."

"सगळे असंच म्हणतात."

मी बाटली पुढं केली. त्यानं बूच काढून वास घेतला. पुढचं अर्धं मिनिट आम्हां दोघांना आणि मागच्या रांगेतल्या चौघांना एकमेकांशी बोलता आलं नाही. सातवी की आठवी शिंक झाल्यावर त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "गावाला आमची आई असाच करते. जा." मी अदबीनं बूच लावलं. त्या दिवशी मरोळ नाक्याला मी उतरलो, तेव्हा डब्यातला माझ्या बाजूचा भाग बराच मोकळा झालेला होता.

केकचं खातं आमच्या हिच्याकडे. मनुका, बेदाणे, संत्र्याच्या साली ऑगस्टपासून रममध्ये भिजत पडतात. १९४९च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो आणि कडक दारूला वय पंचवीस पूर्ण लागतं. मी दुकानदाराला म्हटलं, "पिणारा मी नाही, मनुका आहेत." तो म्हणाला, "मग मनुकांचं वय सांगा." विनोदात हा माणूस माझ्या पुढं असल्यामुळे मी मुकाट्यानं पावती घेतली.

केक घरी कालवायचा, पण भाजायचा बेकरीत, ही गावठाणाची जुनी रीत. बावीस तारखेला संध्याकाळी बेकरीसमोर पत्र्याच्या डब्यांची रांग लागते. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. भट्टीवाला मुसलमान, केक ख्रिस्त्यांचे, आणि रांगेत 'नंबर माझा, नंबर माझा' म्हणणारा मी सातारकर. पूर्वी इथं लाकडाची भट्टी होती. २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितल्यापासून बेकरीवाले एकेक करून गॅसकडे वळू लागले. आमचा भट्टीवालाही वळला. मुंबईची हवा सुधारावी, याबद्दल सासूबाईंचं दुमत नाही. पण पहिला तुकडा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "फुगलाय बरा. पन आठवन नाय येत." कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही. सासरे गेल्याला सहा वर्षं झाली. रांगेत पूर्वी ते उभे राहत.

आता कुलकुलांकडे येतो. सगळ्या हिशोबाचं कलम तेच होतं.

कुलकुल म्हणजे मैदा, रवा, अंडं आणि नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाची बोटाच्या पेराएवढी वळकटी. गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उठतात. सासूबाई काटा वापरत नाहीत, फणी वापरतात. ती कोरी फणी वर्षातून एकाच दिवशी पेटीतून निघते. तीन किलो मैद्याचे कुलकुल करायला कौशल्य फारसं लागत नाही, हात लागतात. म्हणूनच हा पदार्थ एकट्यानं करता येत नाही. एकटा माणूस शंभर वळील, दोनशे वळील, आणि मग जगण्याचा अर्थ काय, असा प्रश्न त्याला पडेल.

नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी सगळे पडवीत बसले. मेहुणी एका टोकाला परात घेऊन, मेहुणा दुसऱ्या टोकाला शेगडीपाशी. मध्ये आम्ही आणि मुलं. दहा महिन्यांनी दोघं एका छपराखाली आली होती, तेही ज्यावरून भांडण चाललंय त्याच छपराखाली. बोलणं मुलांमार्फत चाललं होतं.

"तुझ्या मावशीला सांग, पीठ घट्ट झालंय."

"मामाला सांग, पीठ बरोबर आहे. हात लावून बघ म्हणावं."

"मावशीला सांग, मी तीस वर्षं बघतोय."

पूर्वी बँकांचे चेक असेच जायचे. या बँकेचा चेक थेट त्या बँकेत जात नसे. दोघींचे कारकून क्लिअरिंग हाऊसमध्ये भेटत आणि तिथं देवाणघेवाण होई. आमची कन्या तासभर क्लिअरिंग हाऊस झाली. मग तिला कंटाळा आला आणि ती मुलांना घेऊन गोठा सजवायला अंगणात गेली. क्लिअरिंग बंद पडलं. पडवीत फणीवरून पीठ निघाल्याचा बारीक आवाज तेवढा राहिला. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. मेहुणा खाली मान घालून गोळ्या करत होता, मेहुणी खाली मान घालून वळत होती.

शेगडीच्या सर्वांत जवळ सासूबाई बसल्या होत्या. फाटकात कोणी मासे घेऊन आलं, तर पापलेट की हलवा, हे आतून वासावर सांगणारं नाक त्यांचं. कढईतल्या तेलातून धूर निघू लागला तरी ते नाक गप्प होतं. मी तोंड उघडणार होतो, पण आमच्या हिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात मी ओळखतो. त्याचा अर्थ 'गप्प बसा' असा आहे.

मेहुणीनं वर पाहिलं. "अरे, तेल जळतंय ना!"

"बाय, तू जवळ आहेस. गॅस कमी कर की!"

"मी जवळ? तू तळायला बसलायस का फोटो काढायला?"

"दहा महिन्यांनी आलीस ती भांडायलाच!"

"तू बोलावलंस का एकदा तरी?"

गॅस सासूबाईंनीच बंद केला, अगदी सावकाश, आणि फणी पुसत म्हणाल्या, "चला. बोलताय तर खरं." आणि पुढची गोळी वळायला घेतली.

भांडण चांगलं अर्धा तास चाललं. त्यात छप्पर आलं, बिल्डर आला, बाबांचं आजारपण आलं, १९९८ साली हरवलेली एक सायकलसुद्धा आली. पण ते सगळं थेट आलं, मध्यस्थाशिवाय, आणि त्या अर्ध्या तासात दीड किलो मैदा संपला. माणूस रागात असला, की हात भराभर चालतो, हे उत्पादनाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं निरीक्षण आहे. संध्याकाळी ताटांत कुलकुलांचे ढीग होते. मेहुणा एक उचलून म्हणाला, "पीठ बरोबर होतं." मेहुणी म्हणाली, "तुला तीस वर्षांत एवढंच कळलं." हा समेट होता की भांडणाचा शेवटचा हप्ता, ते मला ठरवता आलं नाही; वहीत मी नुसतंच 'कुलकुल : पूर्ण' असं लिहिलं.

पुढचं सगळं सुरळीत. सोरपोतेल बावीसला शिजलं. तो पदार्थ आमच्या काही ग्राहकांसारखा आहे : पहिल्या दिवशी अंगावर येतो, दुसऱ्या दिवशी निवळतो आणि तिसऱ्या दिवशी जन्माचा स्नेही होतो. व्हिनेगर मुरायला तेवढा वेळ लागतोच. मटण उकडून त्याचे बारीक तुकडे करायचे असतात. भाऊबहीण समोरासमोर दोन पाट घेऊन चार तास कापत बसले होते. दोघांच्याही हातात सुऱ्या होत्या आणि कोणालाही काळजी वाटत नव्हती, यावरून परिस्थिती किती सुधारली होती ते ध्यानात येईल.

पंचवीसच्या सकाळी फुगे. आंबवलेलं सैल पीठ मुठीत घ्यायचं आणि अंगठा नि तर्जनी यांच्यामधून दाबून गोळा उकळत्या तेलात सोडायचा. पूर्वी हे पीठ ताडीनं आंबवत. आता यीस्ट असतं. मेहुणी सोडत होती, मेहुणा झाऱ्यानं फिरवत होता. त्या कामात बोलायला सवड नसते, पण तालाला तर चुकून चालत नाही. ती थांबली की तो थांबे.

दोनला पानं मांडली. बदकाची मोयली, इंदियाल, सोरपोतेल, पुलाव, फुगे, आणि माझ्यासारख्या सावध माणसांसाठी बटाट्याचे चॉप. जेवणापूर्वी सासूबाईंनी प्रार्थना म्हटली. त्यात हजर असलेल्यांची नावं घेत नाहीत, नसलेल्यांची घेतात. सासऱ्यांचं नाव आलं, दुबईच्या मामाचं आलं, आणि शेवटी घराचंही आलं : "या घरावर आनि घरातल्यांवर दया कर." घर राहावं की पाडावं, याचा उल्लेख नव्हता. मेहुणा आणि मेहुणी दोघांनीही 'आमेन' म्हटलं. बावीस माणसांचा स्वयंपाक होता, एकोणतीस जेवली आणि तरी उरलं. चौदा हजार दोनशेच्या अंदाजावर नऊशे सत्तर जास्त झाले.

कागदावर सही झाली का, असं तुम्ही विचाराल. नाही झाली. आमच्याकडे ज्या रकमेचं नक्की काय करायचं ते ठरलेलं नसतं, ती 'सस्पेन्स' खात्यात टाकतात. घर तिथं आहे. पण हल्ली मेहुणा दर रविवारी बोरिवलीला फोन करतो, आणि दोघं त्यावर थेट भांडतात. मेहुण्याचा भागाकार बरोबर होता, हे मी आजही सांगतो. विकतचं जेवण आणलं असतं, तर माणसं दीडला आली असती, साडेतीनला गेली असती, आणि पानावर शेजारी बसूनही दोघांना एकमेकांशी एक शब्द बोलायची गरज पडली नसती. 'जरा मीठ दे'सुद्धा म्हणावं लागलं नसतं, कारण मीठ बेताचंच असतं.

रात्री निघताना मेहुणीचा सोरपोतेलाचा स्टीलचा डबा ओट्यावर राहिलेला मला दिसला. मी म्हटलं, "अहो, डबा राहिला तुमचा." सासूबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. मग दार लागल्यावर हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. परत द्यायला हा जाईल. रिकामा कसा देनार? काय तरी घालून देईल. मंग ती ह्याचा डबा ठेवून घेईल."

मी वही उघडली. जमेच्या बाजूला काय लिहायचं, ते काही सुचेना. मग खर्चाच्या बाजूला 'डबा १' एवढंच लिहिलं, खाली रेघ न ओढता वही मिटली आणि सौभाग्यवतींना म्हटलं, "चला, शेवटची मेट्रो चुकेल."